टेबलाखाली उलटा लावलेला प्लंज राउटर: उंची ०.१ मिमीपर्यंत कशी साधायची?

सालकुसू

नमस्कार मंडळी. १२ मिमीच्या वर्गातला, १८५० वॅटचा, एकाच वेगाचा प्लंज राउटर (मोटर दोन कॉलमवर, म्हणजे खांबांवर, वर-खाली सरकते तो) टेबलाखाली उलटा लावलेला आहे. टेबलाला १८ मिमी प्लायचे दोन थर, वरून-खालून सनमायका. मधे ३०० × २३० ची ६ मिमी ॲक्रिलिक प्लेट. काम मुख्यतः सागवानी शटरच्या फ्रेमा: हाफ-लॅप (दोन्ही तुकडे अर्ध्या जाडीने कापून एकमेकांवर बसवायचा सांधा), पॅनेलची खाच, थोडं मोल्डिंग.

सध्या खाली वाकून एका हाताने मोटर वर ढकलायची आणि दुसऱ्या हाताने लिव्हर आवळायची, अशी कसरत आहे. अडचणी तीन:

१. अर्धा मिमी इकडे-तिकडे होतंच. पाव सूत चुकलं तरी हाफ-लॅपला पायरी दिसते.
२. नेमकी उंची मिळाली तरी लिव्हर आवळताना ती हलते.
३. एका सेटिंगवर सलग १२-१५ तुकडे काढले की पहिल्या तुकड्यात खाच ६.० आणि शेवटच्यात ६.४ भरते. बिट अपकट स्पायरल (पीळदार, भुसा दांड्याकडे ओढणारं), १० मिमी.

डोक्यात तीन पर्याय आहेत. गाडीचा जॅक, थ्रेडेड रॉड, किंवा सीएनसीच्या सामानात मिळतो तो टी८ लीडस्क्रू. राउटर वर-खाली करायची तयार लिफ्ट सध्या बजेटमध्ये नाही. काय करावं? आणि स्प्रिंगा काढाव्यात की ठेवाव्यात?

---

आटेवाला

तुमचे तीन मुद्दे म्हणजे तीन वेगळे आजार आहेत. नवीन स्क्रूने पहिला बरा होईल, दुसरा बराचसा कमी होईल, तिसरा होणार नाही. म्हणून तिसऱ्यापासून सुरुवात करतो.

राउटर उलटा टांगलेला असताना मोटरचं वजन खाली ओढतं आणि प्लंजच्या स्प्रिंगाही मोटरला बेसपासून दूर, म्हणजे खालीच ढकलतात. लॉक ढिलं पडलं तर मोटर खाली सरकणार आणि खाच उथळ होत जाणार. प्लेट झोळ खाऊ लागली तरी उथळ. प्लेटवर भुसा साचून तुकडा उचलला गेला तरी उथळच. तुमची खाच खोल होते आहे. म्हणजे बिट वर येतंय, आणि मोटर वर यायला काही कारणच नाही. बिट कोलेटमधून (बिटाचा दांडा आवळून धरणारी चिरलेली नळी) निसटतंय. अपकट स्पायरल स्वतःला लाकडाकडे ओढून घेतं, त्यामुळे पकड जरा कमी असली की ते कणाकणाने वर चढतं.

तपासणी सोपी आहे. प्लग काढा, बिट बसवून नट नेहमीसारखा आवळा. कोलेटचं तोंड जिथे संपतं तिथे दांड्यावर बारीक मार्करने गोल रेघ ओढा. दहा तुकडे काढा आणि परत बघा. रेघ आणि कोलेट यांच्यात फट दिसली तर उत्तर मिळालं. हे झाल्याशिवाय लिफ्टच्या कामाला हात लावू नका, नाहीतर नवीन स्क्रूच्या नावाने खडे फोडत बसाल.

आता उंची. या घडणीच्या राउटरला बेसमधून वर येणारा एक आट्यांचा रॉड असतो आणि त्यावर नायलॉनचा नट. हाताने वापरताना मोटर किती वर येऊ द्यायची त्याची ती मर्यादा. राउटर उलटा केला की मोटर त्या नटावर बसते. म्हणजे लिफ्टचा निम्मा भाग कंपनीनेच दिलेला आहे. नटाला खालून फिरवायची सोय केली की झालं.

सामान: त्याच आट्याचा एक लांब नट (कपलिंग नट, एम१० असेल तर साधारण ३० मिमी लांबीचा), अर्धा इंची जीआय पाइपचा १५० ते २०० मिमी तुकडा, १८ मिमी प्लायची १०० मिमी व्यासाची चकती, दोन वॉशर. आटा कोणता ते अंदाजाने ठरवू नका. नायलॉन नट काढून दुकानात न्या किंवा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजायचं गेज लावा, कारण ३/८ इंची रॉडवर एम१० चा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडकतो.

लांब नट पाइपच्या तोंडावर समोरासमोर वेल्ड करायचा. चकती पाइपच्या दुसऱ्या टोकाला, हाताने फिरवायला. अर्धा इंची पाइपचं भोक १६ मिमीच्या आसपास असतं आणि बाहेरचा व्यास २१ मिमी. १७ मिमी पान्याचा नट पाइपच्या भिंतीवर बरोबर टेकतो. वेल्ड करताना नटात एक टाकाऊ बोल्ट तेल लावून घालून ठेवा, म्हणजे ठिणग्या आट्यात बसणार नाहीत. नंतर एकदा टॅप फिरवून घ्या.

पाइपच का, भरीव सळई का नाही? इथे बरेच जण फसतात. मोटर जसजशी वर जाईल तसतसा रॉड नटाच्या खालून बाहेर येत जातो. ६० मिमी प्लंज असेल तर ६० मिमी रॉडला आत शिरायला जागा हवी. भरीव सळई वेल्ड केली तर रॉड तिच्यावर आपटतो आणि लिफ्ट अर्ध्यातच थांबते.

एम१० चा साधा आटा १.५ मिमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्याला १.५ मिमी. चकतीच्या कडेला कागदी पट्टी चिकटवून तिचे १५ समान भाग करा. एक भाग म्हणजे ०.१ मिमी. १०० मिमी चकतीचा घेर ३१४ मिमी, त्यामुळे ०.१ मिमीसाठी कडेला जवळपास २१ मिमी अंतर मिळतं. चष्मा न लावताही वाचता येतं.

रॉड बेसमध्ये जिथे बसतो तिथे तो स्वतःच फिरत नाही ना ते पाहा. फिरत असेल तर चेकनट आवळा किंवा आटे चिकटवणारं मध्यम ताकदीचं निळं लॉक्टाइट लावा. नाहीतर चकती फिरते, रॉडही तिच्याबरोबर फिरतो आणि उंची जागच्या जागी राहते.

---

गॅरेजवाला

एवढी वेल्डिंग कशाला? भंगारात छोट्या गाडीचा कात्री-जॅक मिळतो. टेबलाच्या पायांमध्ये एक आडवी फळी टाका, तिच्यावर जॅक, जॅकच्या डोक्यावर प्लायचा तुकडा, वर मोटर. हँडल बाहेर काढलं की वाकायची गरज नाही. स्प्रिंगांचा जोरही जॅक सहज पेलतो, काही काढायला नको.

---

आटेवाला

जॅकने मोटर उचलली जाते हे खरं. पण इथे प्रश्न वजन उचलायचा नाही, मोजून उचलायचा आहे.

कात्री-जॅकचा स्क्रू एक फेरा फिरवला की उंची किती वाढेल हे जॅक किती उघडलाय त्यावर ठरतं. चपटा असताना एका फेऱ्यात खूप उचलतो, उभा होत गेला की कमी कमी. त्यामुळे हँडलवर ०.१ मिमीच्या खुणा करताच येत नाहीत. शिवाय त्याच्या पिनांमध्ये ढिलाई असते आणि डोकं थोडं डुलतं. ते डुलणं मोटर बाजूला ढकलतं आणि कॉलम बुशात अडकतात. अडकलेली मोटर मग एकदम टकदिशी पाव मिमी उडी मारते. जॅकखालची फळी वाकते ते वेगळंच. मोठं मोल्डिंग टप्प्याटप्प्याने काढायला जॅक चालेल, हाफ-लॅपला नको.

टी८ बद्दल एक इशारा. बाजारात सहज मिळतो तो टी८ चार-स्टार्टचा (चार समांतर आट्यांचा) असतो: पिच २ मिमी, पण एका फेऱ्याला ८ मिमी सरकतो. राउटरच्या वजनाने आणि कंपनाने तो स्वतःहून उलटा फिरून खाली येतो. घ्यायचाच तर सिंगल स्टार्ट, २ मिमी लीड असं सांगून मागा. पण टी८ चा पितळी नट सडपातळ असतो. या वजनाला साधा एम१० मला जास्त भरवशाचा वाटतो.

---

रंधा_पटाशी

स्प्रिंगांबद्दल सविस्तर लिहितो, कारण हे काम घाईत करू नये.

काढाव्यात, माझं मत स्पष्ट आहे. ठेवल्या तर दर वेळी मोटरच्या वजनाबरोबर स्प्रिंगांचा जोरही स्क्रूवर येतो. जोर किती ते पाहायचं असेल तर राउटर सरळ करून घरच्या वजनकाट्यावर ठेवा, लिव्हर सोडा आणि तळापर्यंत दाबा. काट्यावर जे वाढलं त्यात मोटरचं वजन मिळवलं की स्प्रिंगांचा जोर. आणि सर्वांत वर, म्हणजे बिट बदलायच्या उंचीवर, स्प्रिंगा पूर्ण दाबलेल्या असतात. चकती नेमकी तिथेच जड जाते.

स्प्रिंगा काढल्या तरी नट आणि आट्यांमधला ढिलेपणा त्रास देत नाही, कारण मोटरचं वजन तो कायम एकाच बाजूला दाबून ठेवतं. एकच अट: शेवटची हालचाल नेहमी वर. उंची जास्त झाली तर अर्धा फेरा खाली या आणि परत वर चढून नेमक्या खुणेवर थांबा. खाली येताना कॉलमवर भुशाचं घर्षण असलं तर नट खाली जातो आणि मोटर तिथेच लटकून राहते. तुम्ही कापायला लागता, कंपनाने ती अचानक खाली बसते आणि पहिला तुकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

काढण्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते: कुठे कॉलमच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते, कुठे वरून स्क्रू. तत्त्व एकच. प्लग काढलेला, राउटर टेबलावरून उतरवून बाकावर सरळ उभा. आधी लिव्हर सोडून मोटर हळूहळू पूर्ण वर येऊ द्या, म्हणजे स्प्रिंग सर्वांत कमी दाबलेली असेल. तरीही थोडा दाब शिल्लक असतोच. मोटरचं डोकं एका हाताने दाबून धरा, डोळ्यांवर चष्मा, वर जाड फडकं, आणि मग अडकण काढा. स्प्रिंगा, वॉशर, सर्क्लिप एका पिशवीत घालून पिशवी टेबलाच्या पायाला बांधून ठेवा.

स्प्रिंगा काढलेला राउटर पुन्हा हाताने वापरायचा नाही. लिव्हर सोडली की मोटर धाडकन खाली येते, फिरत्या बिटासकट. हाताच्या कामाला दुसरा राउटर नसेल तर स्प्रिंगा ठेवा आणि जड चकती सहन करा. काही राउटरांमध्ये टेबलासाठी स्प्रिंग काढायची सोय कंपनीच देते. ट्रायटन कंपनीच्या टीआरए००१ राउटरमध्ये तशी आहे, आणि वरून हँडल घालून उंची फिरवताही येते.

कॉलम रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडे करा आणि फर्निचरच्या मेणाचा पातळ हात द्या. ग्रीस अजिबात नको. उलट्या राउटरवर भुसा सतत पडतो, ग्रीसमध्ये कालवला की त्याची पॉलिश पेस्ट होते आणि बुश खाते.

---

वरून_फिरवा

खालची चकती ठीक, पण दिवसातून चाळीस वेळा वाकायचं असेल तर वरून पाना घालायची सोय करा. फरक एवढाच की इथे नट फिरत नाही, रॉड फिरतो.

प्लेटच्या खाली ६ मिमी जाडीच्या अँगलचा कंस बोल्टने बसवा. त्यात ११ मिमी भोक. कंसावर ५११०० नंबरचं थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलणारं, १० × २४ × ९), त्यातून एम१० रॉड खाली सोडलेला. बेअरिंगच्या वर रॉडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आरपार ३ मिमीची पिन मारलेली. कंसाच्या खालच्या बाजूला वॉशर आणि नायलॉक (न सैलावणारा नट), रॉडची उडी बंद होईल इतपतच आवळलेला. प्लेटमध्ये २६ मिमी भोक, त्यातून १७ चा टी-पाना घालून वरच्या नटावर. पिन मारायला कंटाळलात तर खाली येताना नट सुटतात आणि पाना नुसता गरगर फिरतो.

मोटरकडचा लांब नट कशात धरायचा? मोटरच्या बॉडीला भोक पाडू नका, आत काय आहे ते दिसत नाही. १८ मिमी प्लायचे दोन अर्धे घेऊन मोटरच्या गोल भागावर शिकंजा करा, दोन बाजूंनी एम८ बोल्ट, आणि त्याच्या कानात नट बसवा. थंड हवेच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत हे पाहा.

लांब ॲलन बोल्ट घेऊन काम उरकावं असं वाटेल. पण १५० मिमीच्या एम१० ॲलन बोल्टला बहुधा टोकाकडे ३२ मिमीच आटे असतात, बाकी गुळगुळीत. दुकानात बघून घ्या.

रॉडची जागा मात्र महत्त्वाची. दोन कॉलमच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेपासून तो जितका लांब, तितकी मोटर तिरकी ओढली जाते. एकाच बाजूला ओढलेला ड्रॉवर अडकतो, तसंच हे. जागेअभावी लांब जावंच लागलं तर माझं मत आटेवाल्यांच्या चकतीला. कंपनीचा रॉड आधीच योग्य जागी असतो.

---

आटेवाला

बरोबर. आता दुसरा मुद्दा, लिव्हर आवळताना हलणं. लिव्हर एकाच कॉलमला पकडते. कॉलम आणि बुश यांच्यात जी बारीक मोकळीक असते, तेवढी मोटर आवळताना एका बाजूला कलते. हे पूर्ण जात नाही, पण दर वेळी सारखंच होईल असं करता येतं. लिव्हर पूर्ण सोडू नका; अर्धवट आवळलेली, चकती फिरवताना थोडी ओढ लागेल अशी ठेवा. त्या ओढीतच उंचीवर पोहोचा आणि मग आवळा. मोजमाप नेहमी आवळल्यानंतरचं धरा. आवळल्यावर दर वेळी ०.०५ वाढतं असं दिसलं, तर ०.०५ कमीवर थांबायचं.

मोजायला प्लायचा छोटा पूल करा: दोन पाय, मधे भोक, भोकात १० मिमी पल्ल्याचं डायल गेज. पूल काचेवर ठेवून डायल शून्य करा, मग बिटावर ठेवा. बिट हाताने सावकाश फिरवून जे सर्वांत जास्त वाचन येईल ती धारेची खरी उंची. चुंबकी स्टँडच्या नादी लागू नका. ॲल्युमिनियमला, ॲक्रिलिकला आणि सनमायकाला तो चिकटत नाही.

हाफ-लॅपला मात्र कुठलंही मोजमाप न लावता नेमकं अर्धं काढता येतं. फ्रेमच्याच जाडीचा टाकाऊ तुकडा घ्या. अर्ध्याहून थोडं कमी ठेवून टोकाला एका बाजूने कापा, उलटा करून दुसऱ्या बाजूने कापा. मधे पातळ पापुद्रा राहील. व्हर्नियरने तो मोजा. ०.६ भरला तर बिट ०.३ वर न्यायचं, म्हणजे चकतीचे तीन भाग. पुन्हा कापा. पापुद्रा कागदासारखा होऊन बोटाने गळून पडला की अर्ध्यावर आलात.

आणि ती ६ मिमी ॲक्रिलिक प्लेट बदला. पाच-सहा किलो वजन कायम लटकलं की ॲक्रिलिक हळूहळू झोळ खातं आणि परत वर येत नाही. स्टीलची पट्टी कर्णावर उभी धरा, मधे ०.२ चं फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) गेलं तर प्लेट गेली. ८ ते १० मिमी ॲल्युमिनियम किंवा १२ मिमी हायलम (बेकेलाइटसारखी कडक) शीट घ्या. कोपऱ्यांत खालून चार एम६ ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू देऊन ती टेबलाशी सपाट करता येते.

---

सालकुसू

खूप आभार सगळ्यांचे. रेघेची तपासणी केली. आठ तुकड्यांनंतर रेघ कोलेटपासून ०.४ मिमी वर आलेली आहे. दांड्यावर काळपट घासल्यासारखे पट्टेही दिसतायत. कोलेट पेट्रोलने धुऊन राळ काढली, नट अजून जोरात आवळला, तरी पुढच्या सहा तुकड्यांत ०.२ सरकलंच. बिट कोलेटमध्ये ३० मिमी आत आहे. प्लेटमध्ये फीलर गेज ०.३ चं जातंय, तीही बदलतो. कोलेटचं आता काय करू?

---

रंधा_पटाशी

नट अजून जोरात आवळू नका. आधी व्हर्नियरने दांडा मोजा आणि कोलेटवर काय कोरलंय ते वाचा.

---

सालकुसू

दांडा १२.०० मिमी. कोलेटवर १/२ लिहिलंय.

---

रंधा_पटाशी

तिथेच चूक आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १२ च्या दांड्यासाठी कोलेटला ०.७ मिमी जास्त मिटावं लागतं. तेवढं तो मिटतो, पण गोल राहत नाही. दांड्याला सगळीकडून धरण्याऐवजी कोलेट फक्त काही ठिकाणीच टेकतो. काळे पट्टे त्याच जागांचे आहेत. आपल्याकडे दोन्ही मापांची बिटं एकाच काउंटरवर मिळतात आणि दुकानदार दोन्हींना ‘बारा एमएम’च म्हणतो. ६ आणि ६.३५ चंही असंच आहे.

आज या जोडीवर आणखी एकही तुकडा काढू नका. ०.४ सरकणारं बिट कधीतरी पूर्ण सुटतं, आणि २२,००० फेऱ्यांवर सुटलेलं बिट कुठे जाईल ते सांगता येत नाही.

१२ मिमीचा खरा कोलेट घ्या किंवा बिटं अर्धा इंची घ्या, पण टेबलाला एकच माप ठेवा. पट्टे पडलेलं बिट नव्या कोलेटमध्ये घालू नका. घासलेल्या जागा नवा कोलेटही खराब करतात. सध्याचा कोलेटही १२ वर आवळून वाकडा झालेला असू शकतो. अर्धा इंची दांडा घालून नट हाताने लावा, दांडा डुलला तर कोलेटही टाकून द्या. बसवताना दांडा तळाला टेकवून २-३ मिमी वर ओढा आणि मग आवळा. आवळताना कोलेट थोडा आत खेचला जातो. दांडा तळाला टेकलेला असेल तर कोलेटला आत जायला वाव राहत नाही आणि नट घट्ट झाल्यासारखा नुसता वाटतो.

---

वरून_फिरवा

सालकुसू, एक राहिलं. तुमचा राउटर एकाच वेगाचा आहे. १० मिमीच्या स्पायरलला २२,००० चालतं, पण लिफ्ट झाली की मोठं पॅनेल-रेझर बिट (पॅनेलची कड उतरती करणारं) लावायचा मोह होईल. ५० मिमीच्या वरच्या बिटाला इतका वेग नको. बिटावर कोरलेला कमाल वेग वाचून घ्या. वेग कमी करता येणारा राउटर मिळेपर्यंत ती बिटं या टेबलावर नकोत.

---

सालकुसू

कळलं. १२ चा कोलेट मागवला. नायलॉन नट उद्या टर्नरकडे नेतो, पाइप १८० मिमीचा कापून घेतलाय. चकतीवरची पट्टी १५ भागांची छापून ठेवली आहे.